अल्पवयीन मुलं, दारू आणि ‘सगळेच घेतात’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या दारू पिण्याचा विषय निघाला की आपण बहुधा मुलांबद्दलच बोलतो. त्यांची संगत, त्यांचा हट्ट, त्यांचं वय. पण पहिला घोट घेण्याच्या कितीतरी वर्षं आधी मुलाच्या डोक्यात दारूविषयी एक चित्र तयार झालेलं असतं, आणि त्यात रंग भरणारे हात मोठ्यांचे असतात. पालक, शिक्षक आणि खुद्द मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. काही लांबलचक, काही दोन ओळींची.

सामाजिक संकेत म्हणजे नेमकं काय?

कुठेही न लिहिलेले, तरी सगळ्यांना ठाऊक असलेले नियम. रांगेत मध्येच घुसणाऱ्याकडे सगळे वळून बघतात. ते वळून बघणं म्हणजे संकेत. दारूच्या बाबतीत असे दोन संकेत एकाच वेळी काम करतात. एक, लोक काय करतात. दुसरा, लोकांना काय चालतं. दोन्ही जुळतीलच असं नाही. ‘दारू वाईट’ हे वाक्य मूल घरात शंभरदा ऐकतं आणि त्याच घरात प्रत्येक आनंदाच्या प्रसंगी बाटली उघडलेली बघतं. ऐकलेलं विरतं, बघितलेलं राहतं.

या दोन्हींपेक्षा जोरदार एक तिसरी गोष्ट असते: इतर लोक काय करतात याबद्दलचा आपला अंदाज. तो बहुतेक वेळा चुकतो, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

‘माझ्या वर्गातले सगळेच घेतात’ असं मुलगा म्हणतो. खरं असतं का?

जवळपास कधीच नसतं. तरी मुलगा खोटं बोलत असतो असंही नाही. त्याला मनापासून तसं वाटत असतं.

अमेरिकेत १९७५पासून दरवर्षी शाळकरी मुलांची एक मोठी पाहणी होते. तिच्या २०२३च्या फेरीत बारावीच्या मुलांपैकी साधारण २४ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात दारू घेतल्याचं सांगितलं. म्हणजे चारातल्या तिघांनी घेतली नव्हती. तेही बारावीत, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. पण वर्गात उभं राहून विचारलं तर ‘चारातले तिघं पीत नाहीत’ असं उत्तर क्वचितच मिळेल.

असं का होतं, याचा शोध १९८०च्या दशकात सुरू झाला. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोन संशोधकांनी १९८६मध्ये एका अमेरिकी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारल्या: दारूबद्दल तुमचं स्वतःचं मत काय, आणि इतर विद्यार्थ्यांचं काय असेल असं तुम्हाला वाटतं? स्वतःची मतं बऱ्यापैकी संयमी निघाली, दुसऱ्यांबद्दलचे अंदाज मात्र फारच सैल. पुढे १९९३मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात प्रेन्टिस आणि मिलर यांनाही हेच दिसलं. प्रत्येकाला वाटत होतं की कॅम्पसवरच्या पिण्याबद्दल अस्वस्थ असलेला मी एकटाच, बाकी सगळे मजेत आहेत. आणखी एक गोष्ट आढळली. काळ जाईल तसे मुलगे आपलं मत त्या काल्पनिक ‘सगळ्यांच्या’ मताकडे सरकवत नेत होते.

याला झाकल्या मुठींची सभा म्हणावंसं वाटतं. प्रत्येकाची मूठ बंद, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याच्या मुठीत सव्वा लाख आहेत, आणि उघडून बघायची हिंमत कोणाचीच नाही.

अंदाज चुकतो तो ठराविक कारणांनी. पिणं गाजतं, न पिणं गाजत नाही. शनिवारी रात्री घरी बसून सिनेमा बघितला, याचा किस्सा सोमवारी कोणी सांगत नाही. अमक्यानं जिन्यात उलटी केली, हा किस्सा मात्र महिनाभर पुरतो. चाळीस मुलांतल्या तिघांचे किस्से सतत कानावर पडले की वर्गाचं चित्र त्या तिघांसारखं दिसू लागतं.

मग मुलाला काय उत्तर द्यायचं?

‘सगळे म्हणजे कोण कोण?’ एवढंच विचारा. टोमणा म्हणून नव्हे, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून. बहुतेक वेळा यादी चार नावांच्या पुढे जात नाही, आणि ते मुलाचं मुलालाच कळतं.

मित्रांचा दबाव म्हणजे कोणी जबरदस्ती करतं का?

कधी कधी करतं, पण ते चित्र जरा सिनेमातलं आहे. हातात ग्लास कोंबणारा मित्र कमी वेळा भेटतो. जास्त वेळा कोणीच काही बोलत नाही. सगळ्यांच्या हातात काहीतरी आहे आणि आपले हात मोकळे आहेत, एवढंच. त्या मोकळ्या हातांचं काय करावं हे पंधरा वर्षांच्या पोराला कळत नाही.

मित्र नुसते आसपास असण्यानंच किती फरक पडतो, हे २००५मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या एका व्हिडिओ गेमनं दाखवलं. एकट्यानं खेळताना किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं यांच्या धोका पत्करण्यात फारसं अंतर नव्हतं. मित्र शेजारी बसले आणि किशोरांचं धाडस एकदम वाढलं. मोठ्यांवर त्याचा परिणाम जवळपास झाला नाही. या वयात मेंदूचा शाबासकी शोधणारा भाग जोरात असतो आणि ब्रेक लावणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. त्यामुळे घरी समजूतदार असलेला मुलगा चौघांत गेल्यावर वेगळा का वागला, याचं उत्तर त्याच्या समजूतदारपणात शोधून मिळणार नाही.

याची दुसरी बाजूही बघायला हवी. ‘वाईट संगतीनं बिघडला’ हे अर्धंच खरं असतं. मुलं आपल्यासारखी मुलं शोधूनही काढतात. ज्याला पिण्याचं कुतूहल आहे तो त्या घोळक्याकडे ओढला जातो, मग घोळका त्याला आणखी ओढतो. मित्र तोडायला लावणं म्हणूनच सहसा कामी येत नाही. नवा घोळका तसाच सापडतो.

मी स्वतः अधूनमधून घेतो. मुलाला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुधा खाली गेलेला असतो.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे इथे सरसकट लागू करता येत नाही. पालक पितात म्हणून मूल पिणारच असं नाही. पण पालक किती घेतात याइतकंच कसं आणि कशासाठी घेतात, हे मूल टिपत असतं. ‘आज डोकं फार भणाणलंय, एक घेतल्याशिवाय चालायचं नाही’ हे वाक्य एका ग्लासपेक्षा महाग पडतं. मूल त्यातून औषध शिकतं: ताण आला की हे घ्यायचं. दारूशिवाय आनंद साजरा होत नसेल तर ते दुसरा धडा शिकतं. आणि मोठी माणसं घेऊन गाडी चालवत असतील तर तिसरा.

तुमचं पिणं लपवणं हा उपाय नाही; मुलांना सगळं माहीत असतं. मोठ्यांचं शरीर आणि वाढत्या वयाचं शरीर यांत फरक आहे, गाडी चालवायलाही वय लागतं, हे कारण मुलांना पटतं. मात्र ते सांगणाऱ्यानं स्वतः काही मर्यादा पाळलेल्या दिसायला हव्यात. आठवड्यातले काही दिवस नाही म्हणजे नाही. मुलांना बाटली आणायला पाठवायचं नाही, ग्लास भरायला लावायचं नाही. गाडीची किल्ली हातात असेल तर ग्लासला हात लावायचा नाही. यातलं काहीच जमत नसेल तर प्रश्न मुलाचा राहिलेला नाही. डॉक्टरांशी बोलावं.

आपल्या देखत घरात थोडी दिली, तर बाहेर जाऊन लपूनछपून पिणार नाही ना?

ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं की खोटं ठरावं असं वाटतच नाही. पण पुरावा उलट दिशेला आहे.

ऑस्ट्रेलियात जवळपास १,९०० किशोरांचा सहा वर्षं पाठपुरावा केला गेला आणि निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. आईवडिलांकडून दारू मिळालेल्या मुलांना पुढे कोणताही फायदा झालेला दिसला नाही. उलट ही मुलं पुढच्या वर्षी बाहेरूनही दारू मिळवण्याची शक्यता जास्त होती. त्याआधी २०११मध्ये अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया यांची तुलना झाली. व्हिक्टोरियात मोठ्यांच्या नजरेखाली पिणं बऱ्यापैकी रूढ, वॉशिंग्टनमध्ये कडक मनाई. मोठ्यांच्या देखत प्यायलेल्या मुलांना पुढे त्रास जास्त झाला, आणि हे दोन्हीकडे दिसलं.

कारण समजायला अवघड नाही. आपण देतो चमचाभर दारू, पण मूल घेतं ती परवानगी. ‘आमच्या घरात चालतं’ हा शिक्का एकदा बसला की घराबाहेर तो पुसला जात नाही.

यावर लोक हटकून फ्रान्सचं नाव घेतात: तिथे म्हणे मुलं जेवताना वाइन घेतात आणि शहाणी निघतात. फ्रान्समध्ये एके काळी शाळेच्या जेवणात दारू चालायची हे खरं आहे. पण त्याच फ्रान्सनं १९५६मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी ती बंद केली आणि १९८१मध्ये मोठ्या विद्यार्थ्यांसाठीही. ज्या देशाचं उदाहरण आपण देतो, त्यानंच तो रस्ता सोडला.

कार्यक्रमात नातेवाईक मुलाला ‘घे रे, आता मोठा झालास’ म्हणतात. कसं थांबवायचं?

कार्यक्रमाच्या आधी, फोनवर. चारचौघांत मामांना किंवा काकांना अडवलं तर त्यांचा मान आणि मुलाची अडचण असे दोन नवे प्रश्न उभे राहतात. ‘मामा, त्याला कोणी आग्रह करू नका, एवढं बघा’ असं आधीच सांगितलं तर मामाच पहारेकरी होतात.

त्या वाक्याकडे नीट बघा, बरं का. ‘आता मोठा झालास.’ दारू म्हणजे मोठेपणाचं प्रमाणपत्र, असं आपण मुलाला सांगतो आणि मग चौदाव्या वर्षी ते प्रमाणपत्र मिळवायची त्याला घाई झाली तर चकित होतो.

विषयच काढला नाही तर? बोलल्यानं उगीच कुतूहल वाढेल.

कुतूहल आधीच आलेलं असतं. गप्प बसलात तर मूल त्या गप्प बसण्याचाही अर्थ लावतं, आणि तो बहुधा ‘यांना चालतंय’ असा असतो. नापसंती स्पष्ट आणि शांतपणे सांगणाऱ्या पालकांची मुलं कमी पितात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. प्रवचन नको. गाडीत, भांडी आवरताना, डोळ्याला डोळा न भिडवता दोन वाक्यं पुरतात.

मुलगा आणि मुलगी यांना वेगळे नियम असतात. त्याचा काय परिणाम होतो?

दोघांचंही नुकसान. मुलग्याच्या पिण्यावर घर हसतं (‘पोरगं आहे, होणारच’), आणि त्या हसण्यातून त्याला कळतं की किती रिचवली हा पुरुषार्थाचा हिशेब आहे. मुलीच्या पिण्यावर घर हादरतं. वरवर पाहता तिला त्यामुळे संरक्षण मिळतं, आणि काही प्रमाणात मिळायचंही. पण एखाद्या मुलीनं घेतलीच, आणि त्या रात्री तिच्याशी कोणी गैर वागलं, तर ती घरी सांगत नाही. आधी तिच्या पिण्याची चौकशी होणार हे तिला ठाऊक असतं. मुलीवर टाकलेली लाज गुन्हेगाराच्या कामी येते.

बाकी ‘हा मुलग्यांचा प्रश्न’ ही समजूत जुनी झाली. अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये शाळकरी मुलींनी मुलग्यांना गाठलं आहे, काही वर्षी मागेही टाकलं आहे. आणि सारख्याच वजनाच्या मुलगा-मुलीनं सारखीच दारू घेतली तरी मुलीच्या रक्तात तिचं प्रमाण जास्त चढतं, कारण तिच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो.

दारू पोटात गेली की माणसाचा तोल जातोच. त्यात समाजाचा काय संबंध?

तोल जातो, जीभ अडखळते, प्रतिक्रिया मंदावतात; हे दारूचं रसायन करतं. पण भांडण उकरून काढणं, मोठ्यानं गाणं, रडणं, अंगचटीला जाणं, हे सगळं रसायनाच्या खात्यावर टाकता येत नाही.

१९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी एक युक्ती वापरली. चवीवरून ओळखू येणार नाही असं पेय बनवलं आणि लोकांचे चार गट केले. काहींना दारू आहे सांगून दारू दिली, काहींना दारू आहे सांगून नुसतं टॉनिक वॉटर. काहींना दारू नाही सांगून दारू दिली, काहींना खरोखर काहीच नाही. अॅलन मार्लट यांच्या १९७३च्या प्रयोगात दारूचं व्यसन असलेल्यांनीसुद्धा किती प्यायचं हे ग्लासात काय आहे यावर ठरवलं नाही. ग्लासात काय आहे असं त्यांना वाटतं, यावर ठरवलं. अशा प्रयोगांत दारू समजून नुसतं टॉनिक वॉटर पिऊनही लोक सैलावले, बडबडे झाले.

मानववंशशास्त्रज्ञांनाही हेच आढळलं होतं. काही समाजांत लोक भरपूर पिऊन शांत बसतात, काहींत तेवढ्याच दारूवर हाणामाऱ्या होतात. पिऊन कसं वागायचं हेही माणूस शिकतो. आणि ते लहानपणीच शिकतो: प्राथमिक शाळेतल्या, थेंबही न चाखलेल्या मुलांना विचारा, दारू प्यायल्यावर काय होतं. ती सांगतात. वय वाढतं तशी ही उत्तरं ‘वाईट वास येतो, बाबा ओरडतात’ इथून ‘मजा येते, भीती जाते’ इकडे सरकतात. आपल्याला भीड वाटते आणि दारूनं ती चेपते, असं ज्या मुलाच्या मनात पक्कं बसलं आहे, त्याची पिण्याला सुरुवात लवकर होण्याची शक्यता जास्त.

म्हणून ‘प्यायला होता, सोडून द्या’ हे वाक्य मुलांसमोर उच्चारताना दहादा विचार करावा. दारू म्हणजे गुन्हा माफ करून घेण्याची पावती, हे त्यातून शिकायला मिळतं.

सिनेमा, जाहिराती आणि फोनवरचे फोटो यांना किती दोष द्यायचा?

थोडा द्यायचा. जाहिराती आणि पडद्यावरचं पिणं जास्त बघणारी मुलं लवकर सुरुवात करतात, असं वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या बऱ्याच अभ्यासांत दिसतं. फ्रान्सनं १९९१मध्ये दारूच्या जाहिरातींना कडक लगाम घातला. लिथुआनियानं २०१८मध्ये जाहिराती बंदच केल्या. मला मात्र फोनवरच्या फोटोंची काळजी जास्त वाटते. जाहिरात ही जाहिरात आहे हे मुलांना कळतं. ओळखीच्या मुलीच्या हातातला ग्लास जाहिरात वाटत नाही. शिवाय फोटो निवडून टाकलेले असतात. हसणारे टाकले जातात, दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचे नाही.

कायद्यानं वयाची अट वाढवली तर फरक पडतो, की मुलं पितातच?

दोन्ही. अट असली तरी काही मुलं पितात, आणि अट वाढली की एकूण पिणं व अपघात कमी होतात. अमेरिकेनं १९८४मध्ये कायदा करून राज्यांना २१ वर्षांची अट घालायला भाग पाडलं. १९८८पर्यंत सगळी राज्यं त्यात आली आणि तरुणांचे रस्त्यावरचे मृत्यू घटले. नेदरलँड्सनं २०१४मध्ये वय १६वरून १८ केलं, लिथुआनियानं २०१८मध्ये १८वरून २०.

कायदा शिक्षेपेक्षा संकेतातून जास्त काम करतो. ‘सोळाव्या वर्षी चालतं’ असं सरकारच म्हणत असेल तर आईवडील एकटे पडतात. अट वाढली की नाही म्हणायला त्यांना आधार मिळतो. उलट बाजूनं, समाजाला पटलेला नसेल तर कायदा कागदावर राहतो. कारण अल्पवयीन मुलांना दारू दुकानातून कमी आणि माणसांकडून जास्त मिळते: मोठा भाऊ, मित्राचे पालक, घरातलं कपाट. दुकानदारावर लक्ष ठेवता येतं. स्वयंपाकघरातल्या कपाटावर पोलीस बसवता येत नाही.

ज्या समाजात दारू पूर्ण निषिद्ध, तिथली मुलं सुरक्षित म्हणायची का?

पिणाऱ्यांची संख्या अशा ठिकाणी नक्कीच कमी असते, आणि ते लहानसहान यश नाही. पण जी मोजकी मुलं पितात त्यांना शिकवणारं, थांबवणारं, सावरणारं कोणी नसतं. ती लपून, घाईघाईत, जमेल तेवढी पितात, आणि काही बिनसलं तर मदत मागत नाहीत. मनाई ठेवा, पण ‘चुकलास तरी घरी फोन करायचा’ ही खिडकी उघडी ठेवा.

एखाद्या देशानं हे संकेत बदलून दाखवले आहेत का?

आइसलँडनं. १९९८मध्ये तिथल्या १५–१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं सांगत होती की गेल्या महिन्यात आपण नशेत होतो. २०१६मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला होता. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर.

त्यांनी काय केलं, तर मुलांना दारूवर भाषणं देणं जवळपास सोडून दिलं आणि आजूबाजूच्या मोठ्यांना कामाला लावलं. दारू विकत घेण्याचं वय तिथे २० वर्षं आहे. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहायचं नाही, उन्हाळ्यात बारानंतर. शाळांमधल्या पालक संघटनांनी करार तयार केले आणि पालकांनी त्यांवर सह्या केल्या: मुलांना दारू देणार नाही, आपल्या घरात पालकांविना पार्टी होऊ देणार नाही. काही भागांत पालक संध्याकाळी गटागटानं फिरायचे. खेळ, संगीत, नाच यांच्या वर्गांसाठी सरकारनं पैसा ओतला. राजधानी रेक्याविकमध्ये कुटुंबांना यासाठी दर मुलामागे अनुदान मिळतं. आणि दरवर्षी शाळाशाळांत पाहणी करून आकडे त्याच वस्तीतल्या पालकांपुढे ठेवायचे.

यातली खरी कळ मला त्या करारात दिसते. दंड नाही, शिक्षा नाही, नुसती सही. पण सही झाली आणि ‘बाकीचे आईबाप सोडतात, तुम्हीच सोडत नाही’ हे मुलांचं हुकमी पान कोरं झालं. पालकांच्याही मुठी झाकलेल्या होत्या. प्रत्येकाला वाटत होतं की कडक आपणच. त्या एकदम उघडल्या.

आता हेच जसंच्या तसं कुठेही उचलून नेता येईल असं नाही. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आहे आणि त्याच वर्षांत इतर अनेक श्रीमंत देशांतही किशोरांचं पिणं घटत होतं. पण एवढी मोठी घसरण तिथे दिसली.

म्हणजे आजची मुलं कमी पितात? बातम्या तर उलट सांगतात.

बऱ्याच श्रीमंत देशांत कमी पितात. ज्या अमेरिकी पाहणीत २०२३मध्ये २४ टक्के दिसले, त्याच पाहणीत १९८०मध्ये ७२ टक्के होते. सगळीकडे असं चित्र नाही. पण ‘पिढी बुडाली’ ही ओरड करण्याआधी आकडा बघावा, कारण ती ओरड स्वतःच नुकसान करू शकते.

ते कसं, हे अमेरिकेतल्या अॅरिझोनामधल्या एका राष्ट्रीय उद्यानानं दाखवलं. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेलं लाकूड पडलेलं आहे आणि पर्यटक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्दिनी आणि सहकाऱ्यांनी दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘इथून तुकडे नेऊ नका’ अशा पाटीजवळ चोरी २ टक्क्यांच्याही खाली राहिली. ‘अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यानं या जंगलाचं रूप बदलत आहे’ अशा पाटीजवळ ती जवळपास ८ टक्के झाली. हळहळ व्यक्त करणाऱ्या पाटीनंच लोकांना सांगितलं होतं की इथे सगळे नेतात.

‘शाळकरी मुलांमध्ये दारूचा विळखा’ या मथळ्याचं तेच होतं. पालक घाबरतात. मुलाला वाटतं, आपणच मागे राहिलो की काय.

मग शाळेत खरे आकडे सांगितले की झालं?

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. खरे आकडे पोस्टरवर लावण्याच्या मोहिमा अमेरिकी विद्यापीठांत अनेक वर्षं चालल्या. सुरुवातीच्या काही ठिकाणी पिणं बरंच घटल्याचं दिसलं, पण २००३मध्ये अनेक विद्यापीठांची तुलना झाली तेव्हा मोहीम राबवलेल्या ठिकाणी ठळक घट आढळली नाही. नंतरच्या आढाव्यांतही परिणाम फार छोटा निघाला. मुलांचा पोस्टरवर विश्वास बसत नाही, आणि ‘देशातले विद्यार्थी’ हा त्यांचा समाज नसतो. त्यांचा समाज म्हणजे वर्गातली सहा डोकी. त्या सहा जणांत मोकळं बोलणं झालं तर काही हलतं.

पोलिसांना वर्गात बोलावून धोके सांगण्याचा जो कार्यक्रम १९८३मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला आणि देशभर पसरला, त्याच्या मूळ स्वरूपाचा उपयोग तर नगण्य ठरला. सडलेल्या यकृताचे फोटो? पंधराव्या वर्षी पन्नाशीतलं यकृत कोणाला आठवतं?

सुरुवात कोणत्या वयात होते, याला एवढं महत्त्व का?

१९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, पंधरा वर्षांच्या आत सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी तरी दारूच्या आहारी गेले होते. विशीत किंवा त्यानंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास. सगळा दोष वयाचाच असं म्हणता येत नाही, कारण लवकर सुरुवात करणाऱ्यांच्या घरात अनेकदा आधीच अडचणी असतात. तरी दोनतीन वर्षांचा उशीर हीसुद्धा कमाई आहे.

मी सोळा वर्षांची आहे. मला नको असतं, पण ‘नाही’ म्हटलं की सगळं वातावरण जातं. काय करू?

पहिली गोष्ट, त्या खोलीत तुझ्यासारखं वाटणारं आणखी कोणीतरी नक्की आहे. एकीनं नाही म्हटलं की दुसरीला सोपं जातं. तिथे पोचण्याआधी एखाद्या मैत्रिणीशी ठरवून ठेव.

दुसरी गोष्ट, हातात काहीतरी धर. पाणी, सरबत, काहीही. भरलेल्या ग्लासाला कोणी विचारत नाही. कारणं द्यायला लागू नकोस. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. ‘नको गं, मी घेत नाही’ म्हणून विषय बदल. आणि आईबाबांचं नाव बिनधास्त पुढे कर. ‘आई वास घेते’ हे शतकानुशतकं चालत आलेलं उत्तर आहे, कोणाचा अपमान होत नाही. घरी एक खुणेचा शब्द ठरव: तो मेसेज गेला की कोणीतरी फोन करून तुला ‘ताबडतोब घरी ये’ म्हणेल.

मूल पिऊन घरी आलं, किंवा कुठेतरी पडलंय असा फोन आला, तर?

जीव आधी. हलवून जाग येत नाही, श्वास फार संथ आहे (मिनिटाला आठपेक्षा कमी), दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडतंय, ओठ निळसर किंवा अंग गार पडलंय, यातलं एकही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. एकटं सोडू नका. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ हे जीवघेणं ठरू शकतं, कारण पोटातली दारू झोपेतही रक्तात मिसळत राहते. कॉफी, गार पाण्याची आंघोळ, मुद्दाम उलटी काढणं, यांनी काही उतरत नाही. उतरतं ते वेळेनंच.

अशा वेळी फोन न करण्याचं सगळ्यात मोठं कारण भीती असतं. मित्र घाबरतात की आपणही सापडू. घरचे घाबरतात की लोक काय म्हणतील. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी मदतीसाठी फोन करणाऱ्या अल्पवयीन मुलांना दारू प्यायल्याच्या शिक्षेतून सूट दिली आहे. घरातही असाच नियम आधी जाहीर करून ठेवता येतो: फोन केलास तर त्या रात्री एकही प्रश्न नाही.

बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, मूल शुद्धीवर, तुम्ही झोप झालेले. पहिला प्रश्न ‘का प्यायलास?’ असा नको. त्याला खरं उत्तर नसतं. ‘काल तिथे काय काय झालं, पहिल्यापासून सांग’ म्हणा आणि मध्ये बोलू नका. कोण होतं, कोणी आणली, तुला कधी नको वाटलं होतं, हे त्या सांगण्यात आपोआप येतं.

त्यानंतर त्या मित्रांच्या आईवडिलांना फोन करा. अवघड वाटेल. तक्रार करायला नको, तुमच्याकडे काय झालं ते आधी सांगा. पलीकडून बऱ्याचदा एक सुस्कारा ऐकू येतो, आणि मग, ‘अहो, आमच्याकडेही मागच्या महिन्यात...’